हजेरीतलं नाव आणि न प्यायलेलं पाणी

नाशिकच्या कॉलेज रोडवर आणि गंगापूर रोडवर विज्ञान शाखेचा दिवस सकाळीच सुरू होतो. सिन्नर, दिंडोरी, पेठकडून येणारी मुलं पहिल्या एसटीसाठी अंधारात घर सोडतात. त्यांच्यातल्या एखाद्या ट्रान्सजेंडर (जन्मतः नोंदवलेलं लिंग आणि स्वतःची आतली ओळख जुळत नाही अशा) विद्यार्थ्याची एक सवय बाहेरून कुणाच्या लक्षात येत नाही. दप्तरातली पाण्याची बाटली सकाळी भरलेली असते आणि दुपारी तशीच भरलेली घरी जाते. पाणी प्यायलं की स्वच्छतागृहात जावं लागतं. तिथे दोनपैकी कुठल्याही पाटीखालून आत शिरलं तरी कुणी हटकतं, कुणी हसतं, कुणी मोबाइल बाहेर काढतं. म्हणून तहान मारायची.

मूत्राशयात दीडशे-दोनशे मिलिलिटर लघवी साठली की आपल्याला पहिली जाणीव होते. मोठ्या माणसाचं मूत्राशय सहसा चारशे-पाचशे मिलिलिटरपर्यंत धरून ठेवू शकतं. मूत्रमार्गात शिरलेले जंतू, बहुतेक वेळा आतड्यातून आलेले ई. कोलाय, लघवीबरोबर वेळोवेळी धुऊन निघतात. ती रोज सात-आठ तास अडवून धरली की त्यांना वाढायला आयती जागा आणि वेळ मिळतो. पाणीच कमी प्यायलं तर लघवी घट्ट होते आणि मुतखड्याची शक्यता वाढते. अमेरिकेत २०१५ साली २७,७१५ ट्रान्सजेंडर प्रौढांची पाहणी झाली होती. त्यातल्या ५९ टक्के लोकांनी आधीच्या वर्षभरात कधी ना कधी सार्वजनिक स्वच्छतागृह टाळलं होतं. ३२ टक्के लोकांनी त्यासाठी खाणंपिणं कमी केलं होतं आणि ८ टक्के लोकांना मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा मूत्रपिंडाचा त्रास झाला होता. आकडे तिकडचे असले तरी शरीराचं गणित इथेही तेच आहे. त्यात आपल्याकडे परीक्षा येतात एप्रिल-मेमध्ये, पारा चाळिशीला टेकलेला असताना.

म्हणून मला स्वच्छतागृहाचा प्रश्न सोयीसुविधांच्या यादीत घालणं पटत नाही. तो आरोग्याचा प्रश्न आहे आणि त्यावरचा उपाय स्वस्त आहे. आतून कडी लागणारी, पाण्याची सोय असलेली एक स्वतंत्र खोली, जी कुणीही वापरू शकेल, एवढंच लागतं. ती इमारतीच्या मागच्या कोपऱ्यात नको आणि तिच्या दारावर 'तृतीयपंथीयांसाठी' अशी पाटीही नको. तसं केलं तर आत जाणारा प्रत्येक जण साऱ्या व्हरांड्याला आपली ओळख सांगत जाईल. अनेक कॉलेजांत अपंगांसाठीचं स्वच्छतागृह किंवा स्टाफरूमजवळची एखादी कुलूपबंद खोली असतेच. कुलूप काढून ती सर्वांना खुली केली तरी निम्मं काम होतं.

आता हजेरीकडे येऊ.

प्रयोगशाळेत वीस-बावीस मुलांची बॅच उभी आहे. ब्युरेट, म्हणजे द्रव थेंबथेंब सोडायच्या काचेच्या नळ्या, धुऊन भरून झाल्या आहेत आणि सर रोल नंबरासोबत पूर्ण नाव पुकारतायत. एका नावाला जी व्यक्ती 'येस सर' म्हणते, तिचं दिसणं, केस, आवाज त्या नावाशी जुळत नाहीत. मागच्या टेबलाकडून खुसफुस येते. सारा प्रकार पाच सेकंदांत संपतो आणि सर पुढच्या नावावर जातात.

त्या विद्यार्थ्याच्या शरीरात मात्र तो संपलेला नसतो. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून पिट्यूटरी ग्रंथीला आणि तिच्याकडून मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना निरोप जातो, आणि रक्तात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढू लागतं. नेमका कुठला ताण हे संप्रेरक सर्वांत जास्त वाढवतो, हे सॅली डिकरसन आणि मार्गारेट केमेनी यांनी २००४ साली प्रयोगशाळेतले २०८ अभ्यास एकत्र करून तपासलं. नुसतं अवघड काम दिलं तर फारसं काही होत नाही. चारचौघांत आपल्याला जोखलं जातंय आणि ते थांबवणं आपल्या हातात नाही, या दोन गोष्टी एकत्र आल्या की कॉर्टिसॉल सर्वाधिक चढतं आणि खाली यायलाही सर्वाधिक वेळ घेतं. वर्गातल्या हजेरीत या दोन्ही गोष्टी पुरेपूर असतात.

कॉर्टिसॉलची कमाल पातळी येते ती प्रसंग सुरू झाल्यावर साधारण वीस-तीस मिनिटांनी. म्हणजे हजेरी विसरून बाकीची बॅच टायट्रेशनला लागलेली असते, फिनॉल्फ्थॅलिनचा फिकट गुलाबी रंग टिकतो का हे पाहत असते, तेव्हा या एका विद्यार्थ्याच्या शरीरात ताण ऐन भरात असतो. मग तोंडी परीक्षा येते. पाठ केलेली माहिती आठवण्यावर कॉर्टिसॉलचा काय परिणाम होतो, हे डॉमिनिक द क्वेर्वां आणि सहकाऱ्यांनी २००० साली माणसांवरच्या प्रयोगात दाखवलं. आदल्या दिवशी पाठ केलेले शब्द आठवण्याच्या तासभर आधी कॉर्टिसोनची (शरीरात तिचंच कॉर्टिसॉल होतं) गोळी घेतलेल्यांना ते कमी आठवले. मुलाला येत असतं, पण त्या घडीला आठवत नाही. गुणपत्रिकेवर मात्र 'अभ्यास नाही' असाच निकाल उमटतो.

हे रोज घडत राहिलं की काय होतं, याची नीट मांडणी मानसशास्त्रज्ञ इलान मायर यांनी २००३ साली केली. अल्पसंख्य गटातल्या माणसाला सर्वांच्या वाट्याला येणाऱ्या ताणांखेरीज एक जादा ताण असतो, असं ते सांगतात. प्रत्यक्ष अपमान हा त्याचा एक भाग. अपमान होईल या धास्तीनं सतत सावध राहणं, स्वतःला लपवणं आणि लोकांचं म्हणणं हळूहळू स्वतःलाच खरं वाटू लागणं, हे बाकीचे भाग. नाशिकच्या गजबजलेल्या द्वारका चौकातून दुचाकी काढताना निम्मं लक्ष आरशात असतं आणि घरी पोहोचल्यावर मान आखडते. या मुलांचं अख्खं शिक्षण तसं, निम्मं लक्ष मागे ठेवून चाललेलं असतं.

नाव बदलून हाक मारल्यानं खरंच काही फरक पडतो का? स्टीफन रसेल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या तीन शहरांतल्या १५ ते २१ वयाच्या १२९ ट्रान्सजेंडर तरुणांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध केला. घर, शिक्षणसंस्था, कामाची जागा आणि मित्रमंडळी यांपैकी किती ठिकाणी त्यांना स्वतः निवडलेल्या नावानं हाक मारली जाते, असं विचारलं होतं. असं एक ठिकाण वाढलं की नैराश्याची लक्षणं कमी आढळत होती, आत्महत्येचे विचार २९ टक्क्यांनी आणि तसं प्रत्यक्ष वर्तन ५६ टक्क्यांनी कमी आढळत होतं. आधार देणारी माणसं कुणाला जास्त, कुणाला कमी असतात, तो फरक हिशेबातून वेगळा काढल्यावरही संबंध टिकला. अभ्यास लहान आहे आणि एका वेळच्या पाहणीवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे मान्यच. पण ज्या उपायाला एक रुपयाही लागत नाही आणि ज्यानं कुणाचं नुकसान होत नाही, त्यासाठी आणखी कसल्या पुराव्याची वाट पाहायची?

इथे हमखास आडवी येणारी अडचण म्हणजे 'कागदोपत्री नाव वेगळं आहे'. गुणपत्रिका आणि परीक्षेचं प्रवेशपत्र विद्यापीठाचं असतं. तिथलं नाव बदलायला राजपत्रापासूनची रीतसर वाट चालावी लागते, आणि ती लांब आहे. पण वर्गात पुकारली जाणारी हजेरी, जर्नलवरचं नाव, प्रॅक्टिकलच्या बॅचची यादी, स्नेहसंमेलनाचा फलक ही कॉलेजची स्वतःची कागदपत्रं. शिक्षकानं नुसता रोल नंबर पुकारला तरी पहिल्या दिवसापासून फरक पडतो. फक्त विद्यार्थ्याला एकांतात आधी विचारायला हवं: कुठलं नाव वापरू, आणि कुठे वापरू? घरी माहीत नसताना पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नवं नाव गेलं, तर त्याच रात्री पोराला घराबाहेर काढलं जाऊ शकतं. मदतीच्या उत्साहात हा प्रश्न विचारायचा राहून जातो. माझ्या मते सगळ्यांत जपायची जागा हीच आहे.

मराठीत बोलणाऱ्यासाठी आणखी एक पेच आहे. 'तू आलास' की 'तू आलीस', हे ठरवल्याशिवाय आपल्याला वाक्य पुरं करता येत नाही. 'तुम्ही आलात' म्हटलं की पेच सुटतो आणि आदरही राहतो. सगळ्याच वर्गाला अहो-जाहो करणाऱ्या शिक्षकाला वेगळं काही करावंच लागत नाही. विद्यार्थी अशीच एक युक्ती आधीपासून वापरतात. 'मी आलो', 'मी आले' टाळून ते 'मी रीडिंग घेतलं' अशा वाक्यांच्या आडोशानं तोंडी परीक्षा निभावून नेतात. कोण कसं बोलतंय याकडे थोडं लक्ष दिलं तर पुष्कळ कळतं.

पण लक्ष देणं आणि तर्क लढवणं यांत अंतर ठेवायला हवं. केस वाढवणारा मुलगा किंवा बारीक केस कापून शर्ट-पँटमध्ये येणारी मुलगी ट्रान्सजेंडर असेलच असं नाही. पेहराव आणि वागणं ही एक गोष्ट, स्वतःला आतून काय मानतो ही दुसरी, आकर्षण कुणाविषयी वाटतं ही तिसरी. शरीराची घडणच जन्मतः स्त्री किंवा पुरुष या साच्यात न बसणारे आंतरलिंगी लोक हा आणखी वेगळा विषय. खुसफुस आणि टोमणे मात्र या सगळ्यांच्या वाट्याला सारखेच येतात, त्यामुळे संरक्षणही सगळ्यांना मिळायला हवं, 'तू नक्की कोण' हे न विचारता.

'हे असं का होतं?' हा प्रश्न पालक विचारतात, आणि तो विचारावासा वाटणं स्वाभाविक आहे. गर्भात वृषण घडण्याची सुरुवात करणारं एसआरवाय हे जनुक १९९० साली सापडलं. शरीराचं लिंग घडण्याच्या वाटेतला तो एक टप्पा. लिंगओळखीचं असं एकच जनुक हाती लागलेलं नाही. जुळ्यांच्या अभ्यासांवरून अंदाज येतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात एकसारख्या जुळ्यांच्या २३ जोड्यांपैकी ९ जोड्यांत दोघंही ट्रान्सजेंडर होते, तर एकाच लिंगाच्या पण बिनसारख्या जुळ्यांच्या २१ जोड्यांत अशी एकही जोडी नव्हती. संख्या लहान आहे, तरी आनुवंशिकतेचा काही वाटा आहे आणि सगळा वाटा तिचा नाही, हे त्यातून दिसतं. हा आजार नाही, याबाबत वैद्यकशास्त्र स्पष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ साली मंजूर झालेल्या आणि १ जानेवारी २०२२पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात ही बाब मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून टाकली आहे. आपल्याकडे राष्ट्रीय वैद्यक आयोगानं २०२२ साली, मुलाला 'बदलून' देण्याचे उपचार हे डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. नाशिकच्या पालकांनी हे आवर्जून लक्षात ठेवावं, कारण असे उपचार देऊ करणारी माणसं भेटतात आणि पोरांचं त्यात फार नुकसान होतं.

ज्यांना जन्मतः मुलगी म्हणून नोंदवलं गेलं पण जे स्वतःला मुलगा मानतात, त्यांतले काही जण छाती सपाट दिसावी म्हणून ती घट्ट बांधतात. त्यासाठी मेडिकलमधलं क्रेप बँडेज वापरणं धोक्याचं आहे. ते श्वासागणिक आवळत जातं, बरगड्या दुखतात, कातडी सोलवटते. ते बांधून मैदानावर धावणं तर नकोच. एनसीसीच्या किंवा खेळाच्या शिक्षकांना एवढं ठाऊक असलं, तर दम लागून बाजूला बसलेल्या विद्यार्थ्याला ते कामचुकार म्हणणार नाहीत.

कायद्याचा आधार नाही, असं कुणी म्हणू नये. २०१९च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती संरक्षण कायद्यानं शिक्षणसंस्थेत भेदभावाला मनाई केली, सरकारमान्य संस्थांवर शिक्षणाची आणि खेळाची समान संधी देण्याची जबाबदारी टाकली, आणि प्रत्येक आस्थापनेत तक्रार निवारणासाठी एक अधिकारी नेमायला सांगितलं. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१६ साली रॅगिंगच्या व्याख्येत लिंगओळखीवरून, ट्रान्सजेंडर असण्यावरून आणि लैंगिक कलावरून होणारा छळ घातला. त्यात एखाद्याला वाळीत टाकणंही आलं. म्हणजे कॅन्टीनमध्ये शेजारी कुणी न बसण्याचा ठराव करणं हेही रॅगिंगच. अँटी-रॅगिंग समितीचा फलक प्रत्येक कॉलेजच्या प्रवेशद्वाराशी असतो. त्या फलकावर हे एक वाक्य वाढवायला कुणाची परवानगी लागत नाही.

नाशिकची जबाबदारी एका अर्थानं इतरांहून मोठी आहे. महाराष्ट्राच्या वैद्यकीय महाविद्यालयांची सूत्रं हलवणारं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८पासून इथे आहे, आणि १९८९ साली स्थापन झालेलं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठही इथलंच. उद्या या मुलांना तपासणारे डॉक्टर पहिल्याच्या छत्राखाली शिकतात. टोमण्यांना कंटाळून कॉलेज सोडलेल्यांना पुन्हा शिकायचं असेल तर दुसऱ्याचं दार उघडं असतं. २०११च्या जनगणनेत देशात सुमारे ४ लाख ८८ हजार लोकांची नोंद 'इतर' या रकान्यात झाली. त्यांच्यातलं साक्षरतेचं प्रमाण ५६ टक्के होतं, तर साऱ्या देशाचं ७४. पण मुक्त विद्यापीठ आहे म्हणून नियमित कॉलेजांनी हात झटकावेत, हे मला मान्य नाही. मित्र मिळण्याची, प्रयोगशाळेत हात काळे करण्याची, निवडणूक लढवण्याची जागा कॉलेजचं आवार हीच असते.

सत्राअखेरीस एक काम आठवणीनं करायचं. प्रवेशपत्रावरचा फोटो आणि समोरचा चेहरा यांत फरक पडला असेल, तर परीक्षा केंद्राच्या दारावर अडवाअडवी होते. झडती कुणी घ्यायची, यावर चारचौघांत वाद होतो. पेपर सुरू व्हायला दहा मिनिटं असताना तिथे काय होतं, ते वरच्या कॉर्टिसॉलच्या हिशेबावरून ताडता येईल. विद्यार्थ्याच्या संमतीनं प्राचार्यांनी आठवडाभर आधी केंद्रप्रमुखांशी बोलून ओळख पटवणं आणि झडती बंद खोलीत उरकायची व्यवस्था केली, तर हे टळतं. अँटी-रॅगिंगची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ आहे आणि मन खचलं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो. दोन्ही नंबर स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवावेत. तिथे ते कुणाच्या नजरेत न येता टिपून घेता येतात.