शुक्राणूंचे क्षमतार्जन

सस्तन प्राण्यांच्या नराचे शुक्राणू वीर्यातून बाहेर पडताना पोहू शकतात, पण अंडपेशीचे फलन करू शकत नाहीत. मादीच्या गर्भाशयात आणि अंडवाहिनीत काही तास राहिल्यावरच त्यांच्या अंगी ती ताकद येते. या बदलाला क्षमतार्जन म्हणतात. दवाखान्यात ‘कपॅसिटेशन’ हाच शब्द कानावर पडतो. ज्या बडोदे संस्थानाने १९३१ मध्ये राज्यकारभारातल्या शब्दांचा आठ भाषांतला कोश काढला, तिथल्या मराठी वाचकाला यासाठीही आपला शब्द मिळायला हवा.

अमेरिकेत चांग आणि ऑस्ट्रेलियात ऑस्टिन या शास्त्रज्ञांनी १९५१ मध्ये हे स्वतंत्रपणे दाखवले. अंडपेशी बाहेर पडल्यावर सशाच्या मादीच्या अंडवाहिनीत ताजे शुक्राणू सोडले, तर फलन जवळजवळ होतच नव्हते. काही तास आधी सोडले तर होत होते. १९५९ मध्ये चांग यांनी मादीच्या गर्भाशयातून काढलेले शुक्राणू वापरून काचपात्रात फलन घडवले आणि त्यातून पिल्ले जन्मली.

वृषणातून निघालेला शुक्राणू आधी अधिवृषणाच्या वेटोळ्यांतून जातो. माणसात ही नळी उलगडली तर सुमारे ६ मीटर भरते. पोहण्याची क्षमता तिथे येते. पुढे वीर्यद्रवातील काही प्रथिने शुक्राणूवर बसून त्याला जणू आवर घालतात. मादीच्या शरीरात हा लेप निघतो. अल्ब्युमिन हे प्रथिन शुक्राणूच्या पटलातले कोलेस्टेरॉल ओढून घेते, पटल सैल होते. बायकार्बोनेट आत शिरून सायक्लिक एएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू वाढवते आणि शेपटीतल्या ‘कॅटस्पर’ वाहिन्यांतून कॅल्शियम आत येते.

सूक्ष्मदर्शकाखाली हा फरक डोळ्यांना दिसतो. आधी सरळ रेषेत, बारीक वळवळ करत जाणारा शुक्राणू आता शेपटीचे चाबकासारखे फटकारे मारतो, जागच्या जागी गिरक्या घेतो. अंडवाहिनीच्या अस्तराला चिकटलेला असेल तर याच फटकाऱ्यांनी सुटतो. डोक्यावरच्या ॲक्रोसोम या टोपीतली विकरे मोकळी होण्याची तयारीही याच वेळी होते. त्याशिवाय अंडपेशीचे कवच ओलांडता येत नाही.

सगळे शुक्राणू एकदम तयार होत नाहीत. माणसात एका वेळी साधारण १० टक्केच सक्षम असतात, तेही थोडा वेळ. मग दुसरे तयार होतात. अंडपेशी नेमकी कधी येईल याचा भरवसा नसताना ही व्यवस्था फार उपयोगी पडते.

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एखाद्या मराठी घरात मूल होत नाही म्हटले की आधी सुनेकडे बोट दाखवले जाते. मुलाचा रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला की विषयच संपतो. पण वीर्याच्या नेहमीच्या तपासणीत संख्या, हालचाल आणि आकार पाहतात, क्षमतार्जन मोजत नाहीत. हा रिपोर्ट चांगला असूनही फलन न होणे शक्य आहे, ही गोष्ट घराघरांत पोचायलाच हवी. आयव्हीएफमध्ये, म्हणजे काचपात्रात फलन घडवण्याच्या उपचारात, शुक्राणू धुऊन वीर्यद्रव काढतात आणि अल्ब्युमिन व बायकार्बोनेट असलेल्या द्रवात ३७ अंशांवर ठेवतात. अंडवाहिनीचे काम तिथे हा द्रव करतो.

बडोद्याच्या आसपासच्या गावांत म्हशींच्या कृत्रिम रेतनातही याचा संबंध येतो. उणे १९६ अंशांवर गोठवून पुन्हा वितळवलेल्या रेतमात्रेतल्या शुक्राणूंत क्षमतार्जनासारखे बदल आधीच झालेले असतात, त्यामुळे ते थोडेच तास टिकतात. म्हणून रेतन अंडपेशी येण्याच्या वेळेजवळ व्हावे यासाठी सकाळी माजावर आलेल्या म्हशीला संध्याकाळी भरवतात, आणि संध्याकाळी आलेल्या म्हशीला दुसऱ्या दिवशी सकाळी.