गरोदरपणातला ताण, हार्मोन आणि बाळाची लैंगिक घडण

आमच्या प्रसूतिपूर्व वर्गांना येणाऱ्या आई-बाबांसाठी

वर्ग संपला, बाकीचे निघून गेले, की एखादी आई मागे रेंगाळते आणि हळूच विचारते, "दिवस असताना मी फार टेन्शन घेतलंय. त्यानं बाळाच्या वागण्यात, पुढच्या आवडीनिवडींत काही फरक पडेल का?" उत्तर आधीच सांगतो. गर्भातल्या हार्मोनचा या घडणीत नक्की वाटा असतो, पण त्याचं खापर आईच्या काळजीवर फोडायला आधार नाही.

घडण सुरू कशी होते?

गर्भधारणेनंतर साधारण सहा आठवडे मुलगा आणि मुलगी यांच्या जननग्रंथी सारख्याच दिसतात. वाय गुणसूत्रावरचं एसआरवाय नावाचं जनुक कामाला लागलं की त्यांचे वृषण होतात. आठव्या आठवड्याच्या सुमारास वृषणांतून टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन स्रवू लागतं आणि त्याच्यामुळे पुरुषाची जननेंद्रियं आकार घेतात. आल्फ्रेड जोस्ट या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९४०च्या दशकात सशांच्या नर गर्भातले वृषण लवकर काढून टाकले, तेव्हा त्या गर्भांची जननेंद्रियं मादीसारखी वाढली.

मेंदूचं काय?

१९५९ मध्ये गाभण गिनीपिगना टेस्टोस्टेरॉन दिल्यावर त्यांच्या मादी पिल्लांचं मोठेपणीचं समागमाचं वागणं नरांसारखं झालं. माणसांवर असे प्रयोग करता येत नाहीत. म्हणून सीएएच (कंजेनिटल अ‍ॅड्रिनल हायपरप्लेशिया) या जन्मजात आजाराचा अभ्यास मोलाचा ठरतो. साधारण १५,००० जन्मांमागे एका बाळाला तो असतो. यात मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथी गर्भातच पुरुषी हार्मोन जास्त बनवतात. अशा मुलींना गाड्या आणि दांडगाईचे खेळ इतर मुलींपेक्षा जास्त आवडतात. मोठेपणी बायकांबद्दल आकर्षण वाटण्याचं प्रमाणही त्यांच्यात अधिक असतं. तरीही त्यांतल्या बहुतेकजणी स्वतःला मुलगीच मानतात आणि बहुतेकींना पुरुषच आवडतात. इतकं हार्मोन मिळूनही कल तेवढा थोडा सरकतो, हे आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं.

आणि ताण?

ही भीती आली मुख्यतः उंदरांवरून. १९७२ मध्ये इंगेबोर्ग वॉर्ड यांनी गाभण उंदरिणींना रोज प्रखर दिव्यांखाली अरुंद नळीत कोंडलं. त्यांच्या नर पिल्लांचं लैंगिक वागणं बदललं. पुढे दिसलं, की ताणामुळे त्या पिल्लांमधली टेस्टोस्टेरॉनची उसळी वेळेआधीच येऊन ओसरत होती. पण उंदराचं पिल्लू फार अपक्व जन्मतं, त्याच्या मेंदूचं वेळापत्रक वेगळं. शिवाय माणसात आईच्या कॉर्टिसॉलचा, म्हणजे ताणाच्या हार्मोनचा, बराचसा भाग वारेतलं एक विकर (एन्झाइम) निष्प्रभ करतं. युद्धकाळात जन्मलेल्यांत समलिंगी पुरुष जास्त असल्याचा दावा १९८० मध्ये जर्मनीत झाला होता, नंतरच्या अभ्यासांत त्याला पुष्टी मिळाली नाही. आणि समलिंगी असणं हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच ते आजारांच्या यादीतून काढलं. मग दोष शोधायचा तरी कशाचा?

तीव्र, लांबलेल्या ताणाचा संबंध वेळेआधी प्रसूती आणि कमी वजनाशी मात्र आढळतो. त्यामुळे झोप उडाली असेल, सतत रडू येत असेल, तर आम्हाला किंवा डॉक्टरांना सांगा. हे आधी तुमच्यासाठी आहे, मग बाळासाठी.

खरी काळजी औषधांची

गर्भपात टाळण्यासाठी अनेक वर्षं डीईएस हे कृत्रिम हार्मोन सर्रास दिलं गेलं. १९७१ मध्ये त्या आयांच्या तरुण मुलींत योनीचा एक दुर्मीळ कर्करोग आढळला. म्हणून हार्मोनची कुठलीही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. 'मुलगा होण्यासाठी' म्हणून दिलेलं काहीही घेऊ नका. बाळाची गुणसूत्रं गर्भधारणेच्या क्षणीच ठरलेली असतात. घरात कुणी टेस्टोस्टेरॉनचं जेल लावत असेल, तर ती जागा झाकलेली हवी, तुमचा हात तिथे लागता कामा नये. मात्र दमा, थायरॉइड किंवा नैराश्याची चालू गोळी स्वतःहून बंद करू नका.

बाळाची जननेंद्रियं जन्मतः स्पष्ट नसतील तर लगेच तपासणी करून घ्या, लाजून थांबू नका. सीएएचमध्ये पहिल्या काही आठवड्यांत शरीरातलं मीठ झपाट्यानं कमी होऊन जीवावर बेतू शकतं. बाळ दूध ओढत नसेल, वारंवार उलट्या करत असेल, मलूल पडलं असेल, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठा.