लागण टळणे वेगळे, ऑक्सिजन टळणे वेगळे

कोरोनाचे रुग्ण वाढल्याची बातमी आली की कोल्हापुरात दोन वाक्ये हमखास कानावर पडतात. एक, "आता परत लॉकडाउन लागतंय बघ", आणि दुसरे, "दोन-दोन डोस घेऊन बी झालाच की, मग लशीचा उपयोग काय?" मे २०२५ मध्ये नव्या उपप्रकारांमुळे आकडे वर सरकले तेव्हा हेच झाले, आणि त्याच वर्षीच्या जानेवारीत एचएमपीव्ही हा कोरोनाशी नाते नसलेला, २००१ पासून ज्ञात असलेला विषाणू बातम्यांत आला तेव्हाही हेच झाले. वरवर पाहता एका वाक्यात भीती आहे आणि दुसऱ्यात वैताग. पण दोन्हींच्या मुळाशी एकच गल्लत आहे. लागणच होऊ न देणारी प्रतिकारशक्ती आणि लागण झाली तरी ती फुप्फुसापर्यंत बळावू न देणारी प्रतिकारशक्ती या दोन गोष्टी आपण एकच धरून चालतो.

लागण टाळायची तर विषाणूला नाकातोंडातच अडवावे लागते आणि त्यासाठी तिथल्या ओलसर आवरणावर प्रतिपिंडे (अँटिबॉडी) आधीपासून हजर असावी लागतात. दंडावर घेतलेल्या लशीमुळे प्रतिपिंडे तयार होतात ती प्रामुख्याने रक्तात. त्यांतली थोडीच नाकाघशापर्यंत पोहोचतात. डोस घेतल्यानंतरच्या सुरुवातीच्या काळात तेवढीही बऱ्यापैकी कामाला येतात, मात्र काही महिन्यांत त्यांची पातळी उतरते आणि ती उतरणे हे शरीराचे रीतसर काम आहे, लशीतला दोष नव्हे. गंभीर आजार टाळण्याचे काम ज्यांच्याकडे असते त्या स्मृतिपेशी, म्हणजे विषाणूची ओळख लक्षात ठेवणाऱ्या पेशी, मात्र टिकून राहतात. त्यांतल्या बी पेशी विषाणूची ओळख पटताच नव्याने प्रतिपिंडे बनवू लागतात, तर टी पेशी विषाणू शिरलेल्या पेशी हुडकून नष्ट करतात. टी पेशी विषाणूला दारात थोपवू शकत नाहीत, तो आत शिरल्यावरच त्यांचे काम सुरू होते, ही बाब लक्षात घेतली की "लस घेऊनही झाला" या तक्रारीचा अर्धा उलगडा होतो.

उरलेला अर्धा उलगडा वेळेच्या हिशेबात आहे. गोवराचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण दहा ते चौदा दिवस जातात. तेवढ्या अवधीत स्मृतिपेशी जाग्या होऊन पुरेशी प्रतिपिंडे तयार करतात, आणि म्हणून लहानपणी घेतलेली गोवराची लस बहुतेकांना जन्मभर पुरते. कोरोनाच्या ओमायक्रॉन या प्रकाराचा हाच अवधी तीन दिवसांच्या आसपास आहे. स्मृतिपेशींना जोर धरायला काही दिवस लागतात, त्यामुळे त्या तयार होईपर्यंत सर्दी, घसा, ताप हे सारे उरकलेले असते. याउलट कोरोनात ऑक्सिजनची गरज पडते ती बहुधा लक्षणे सुरू झाल्यानंतर आठवड्याभराने, आणि तेवढ्या सवडीत स्मृतिपेशी आपले काम चोख बजावतात. तेव्हा एकच लस एकाच विषाणूविरुद्ध लागणीशी शर्यत हरते आणि न्यूमोनियाशी शर्यत जिंकते, यात विसंगती काही नाही. विषाणूने रूप पालटले तरी हाच फरक दिसतो: प्रतिपिंडे विषाणूच्या पृष्ठभागावरच्या काट्यासारख्या प्रथिनातील ठरावीक जागा ओळखतात आणि त्या जागा बदलल्या की चुकतात, तर टी पेशी त्याच्या प्रथिनांचे अनेक तुकडे ओळखत असल्याने सगळेच तुकडे एकदम बदलणे विषाणूला सोपे जात नाही.

लशीचे वाटप ज्या क्रमाने झाले तो क्रमही याच दृष्टीने पाहण्यासारखा आहे. १६ जानेवारी २०२१ रोजी आरोग्य कर्मचाऱ्यांपासून सुरुवात झाली, १ मार्चपासून साठीपुढचे आणि व्याधी असलेले पंचेचाळिशीपुढचे, १ एप्रिलपासून पंचेचाळिशीपुढचे सगळे, आणि अठरापुढच्यांसाठी १ मे. उद्देश केवळ प्रसार रोखण्याचा असता तर कामधंद्यासाठी दिवसभर बाहेर असणाऱ्या तरुणांचा नंबर आधी लागायला हवा होता. तो शेवटी लागला, कारण तुटपुंजा साठा ज्यांच्या जिवाला धोका जास्त त्यांच्यासाठी राखायचा होता. त्या दिवसांतल्या रांगांबद्दलचा राग खोटा नव्हता. कोविशिल्डच्या एका कुपीत दहा डोस, प्रत्येक डोस अर्धा मिलिलिटर, आणि झाकण टोचल्यावर चार तासांत कुपी संपवायची. म्हणून दहा माणसे जमेपर्यंत परिचारिका नवी कुपी फोडत नसे आणि उशिरा आलेल्या सात-आठ जणांना उद्या या म्हणून सांगावे लागे. पण राग रास्त असला तरी क्रम चुकीचा नव्हता, असे माझे मत आहे.

गल्लत केवळ लोकांनीच केली असे म्हणणे अन्यायाचे होईल. ऑगस्ट २०२१ मध्ये दोन डोस घेऊन चौदा दिवस झालेल्यांना मुंबईच्या लोकलमध्ये बसू दिले गेले, म्हणजे प्रमाणपत्र हा जणू "याच्यापासून लागण होणार नाही" असा दाखला ठरला. त्याच सुमारास कर्नाटकाने महाराष्ट्रातून येणाऱ्यांकडून, लस घेतलेली असली तरी, बहात्तर तासांच्या आतला आरटीपीसीआर अहवाल मागायला सुरुवात केली. निपाणी-बेळगावला रोजच्या कामासाठी जाणाऱ्या कोल्हापूरकरांना कोगनोळी नाक्यावर याचा पुरेपूर मनस्ताप झाला. तरीही, कटू वाटले तरी म्हणावे लागेल की लागणीपुरता विचार केला तर दाखल्यावर विसंबण्यापेक्षा चाचणी मागणे अधिक तर्काला धरून होते.

आता लॉकडाउनकडे वळू. जून २०२१ मध्ये राज्य सरकारने निर्बंधांचे पाच स्तर ठरवले, आणि त्यासाठी चाचण्यांतील बाधितांचे प्रमाण आणि ऑक्सिजन खाटांची व्याप्ती ही दोन मापे घेतली. बाधितांचे प्रमाण दहा टक्क्यांच्या वर असल्याने कोल्हापूर चौथ्या स्तरात गेले, अत्यावश्यक नसलेली दुकाने बंद राहिली आणि महाद्वार रोड, राजारामपुरीतल्या व्यापाऱ्यांचा संताप अनावर झाला. त्या वेळी बहुतेकांचे लसीकरण झालेले नव्हते, त्यामुळे बाधित वाढले की काही दिवसांनी खाटा भरत आणि पहिल्या मापावरून दुसऱ्याचा अंदाज बांधणे योग्य होते. मात्र जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनची लाट आली तेव्हा ही दोन मापे एकमेकांपासून सुटली. बाधितांचा आकडा झपाट्याने चढला, ऑक्सिजन खाटांवर मात्र २०२१ मधल्या डेल्टाच्या लाटेसारखा ताण आला नाही. राज्यात रात्रीची संचारबंदी आणि दिवसा जमावबंदी झाली, दुकाने उघडी राहिली. ३१ मार्च २०२२ रोजी मंत्रिमंडळाने सगळे निर्बंध उठवले आणि दोन वर्षे भाविकांविना गेलेली जोतिबाची चैत्र यात्रा त्या वर्षी पुन्हा भरली.

पावसाळ्यात कोल्हापूरकर हा भेद बिनचूक करतो. गगनबावड्यात अतिवृष्टी झाली एवढ्यावर कोणी सामान माळ्यावर चढवत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे चालले आहे का, राधानगरी धरणात अजून जागा आहे की स्वयंचलित दरवाजे उघडले, हे आधी विचारतो. बाधितांचा आकडा म्हणजे पाऊस, ऑक्सिजन खाटा म्हणजे पंचगंगेची पातळी, आणि लशीने व आधीच्या लागणीने मिळालेली प्रतिकारशक्ती म्हणजे धरणात शिल्लक असलेली जागा.

समूह प्रतिकारशक्तीचा हिशेबही याच गल्लतीपायी फसला. साठ-सत्तर टक्के लोकांत प्रतिपिंडे आली की साथ आपोआप थांबेल, असे २०२० मध्ये सांगितले जात होते. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) जून-जुलै २०२१ च्या पाहणीत हे प्रमाण ६७.६ टक्के आढळले, तरी सहा महिन्यांत पुढची लाट आलीच, कारण त्या गणितात प्रतिकारशक्ती म्हणजे लागण न होणे असे गृहीत होते. प्रयोगशाळेत पैसे भरून "माझ्या अँटिबॉडी किती" हे तपासून घेणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. तो आकडा स्मृतिपेशींविषयी काहीही सांगत नाही.

अर्थात दुसऱ्या प्रकारचे संरक्षणही सर्वांना सारखे लाभत नाही. सत्तरी ओलांडलेले, किडनी बदललेले, केमोथेरपी चालू असलेले, मधुमेह आटोक्यात नसलेले यांच्या स्मृतिपेशी मंद असतात. अशा माणसाच्या घरात कोणाला सर्दी-ताप असेल तर घरातल्यांनी मास्क लावावा, आणि पुढच्या डोसाबद्दल त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. राहता राहिला लॉकडाउनचा व्हॉट्सअ‍ॅपवरचा संदेश: असे निर्बंध १८९७ च्या साथरोग कायद्याखाली किंवा २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली लेखी आदेशानेच लागू होतात आणि जिल्ह्यापुरता तो आदेश जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीने निघतो. संदेशासोबत तो आदेश नसेल आणि रुग्णालयांतील ऑक्सिजन खाटांचा उल्लेखही नसेल, तर तो पुढे पाठवू नये.