कमी होणं आणि कडक होणं: डाएटच्या सुरुवातीचे दोन वेगळे प्रश्न

वजन कमी करायला डाएट सुरू केलं की आठ-दहा दिवसांत सातारा-सांगलीकडच्या मेडिकलच्या काउंटरवर एक ठरलेलं वाक्य ऐकू येतं: ‘पोट साफ होत नाही, काहीतरी द्या.’ या एका वाक्यात दोन निरनिराळ्या तक्रारी असतात. एकाचं खाणंच निम्म्यावर आलेलं असतं, त्यामुळे मल कमी तयार होतो आणि तो एक-दोन दिवसांआड होतो, पण मऊ आणि विनासायास. दुसऱ्याला खडे होतात, कुंथावं लागतं, उठल्यावरही काहीतरी राहिलंय असं वाटतं. पहिल्याला औषधाची गरज नाही. दुसऱ्याला बद्धकोष्ठ आहे आणि त्याकडे लक्ष द्यायलाच हवं. घोळ असा होतो की दोघंही एकच चूर्ण घेऊन घरी जातात.

ओळखायचं कसं? आपल्याकडे ‘रोज सकाळी झालंच पाहिजे’ हा नियम इतका पक्का आहे की एक दिवस चुकला तरी माणूस अस्वस्थ होतो. वैद्यकीयदृष्ट्या मात्र दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा ही सगळी मर्यादा सामान्य धरतात. त्यामुळे किती वेळा होतं यापेक्षा कसं होतं हे बघा. डॉक्टर यासाठी 1997 साली प्रसिद्ध झालेला ब्रिस्टल तक्ता वापरतात. त्यात मलाचे सात प्रकार आहेत. पहिला प्रकार म्हणजे सुटे कडक खडे, दुसरा म्हणजे खडे एकमेकांना चिकटून झालेला गाठाळ लांबट मल. हे दोन्ही बद्धकोष्ठाचे. तिसरा, म्हणजे वर भेगा असलेला, आणि चौथा, म्हणजे गुळगुळीत मऊ, हे उत्तम. दोन दिवसांनी होऊनही तिसरा-चौथा प्रकार असेल आणि पाच मिनिटांत काम होत असेल, तर तुमचा कोठा ठीक आहे. उलट रोज होतं पण चार खडे पडतात आणि घाम फुटतो, तर ते बद्धकोष्ठच. ‘मला तर रोज होतं’ म्हणणारे हीच गोष्ट विसरतात.

कमी होण्याचं कारण साधं आहे. मलाचा तीन-चतुर्थांश भाग पाणी असतो. उरलेल्यात न पचलेलं फायबर, आतड्यातले जंतू, थोडी चरबी आणि झडलेल्या पेशी असतात. खाणं कमी केलं की हा सगळाच माल घटतो. शिवाय खाल्लेलं अन्न बाहेर पडायला साधारण एक ते तीन दिवस लागतात, त्यामुळे सोमवारी जेवण कमी केलं तर फरक बुधवार-गुरुवारकडे दिसतो आणि कारण सोमवारचं होतं हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

कडक होण्याची कारणं जास्त आहेत, आणि त्यात सगळ्यात मोठं कारण ताटातून गेलेली भाकरी. ज्वारीच्या 100 ग्रॅम पिठात 10 ग्रॅमच्या आसपास फायबर असतं. एका मध्यम भाकरीला साधारण 50 ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे भाकरीमागे 5 ग्रॅम. दोन वेळच्या मिळून चार भाकरी खाणारा माणूस एकीवर आला, की दिवसाचं 15 ग्रॅम फायबर एका झटक्यात गेलं. मोठ्या माणसाला दिवसाला 25 ते 30 ग्रॅम लागतं, यावरून खड्डा केवढा पडतो ते कळेल. तो भरायला लोक काकडी-टोमॅटो, ताक आणि गाळलेलं सूप घेतात. काकडीत 95 टक्के पाणी असतं. अख्खी काकडी खाऊनही एका भाकरीइतकं फायबर मिळत नाही. ताकात तर ते नसतंच, आणि सूपातलं गाळणीवर राहतं. ताट हिरवंगार दिसतं, पण कोठ्याला काही मिळत नाही.

दुसरं कारण पाणी. पहिल्या आठवड्यात काटा भराभर खाली येतो त्यात मोठा वाटा पाण्याचा असतो. शरीरात साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (म्हणजे भात-भाकरीतून तयार होऊन साठलेल्या साखरेबरोबर) साधारण 3 ग्रॅम पाणी असतं; भात-भाकरी एकदम बंद केली की ते साठे रिकामे होतात आणि पाणी लघवीवाटे जातं. जेवणातल्या आमटी, भाजी, भातातून मिळणारं पाणीही कमी झालेलं असतं. मोठ्या आतड्यात रोज दीड लिटरच्या आसपास पातळ माल येतो आणि त्यातलं बहुतेक पाणी तिथेच शोषलं जातं. माल जितका जास्त वेळ तिथे पडून राहील तितका तो सुकत जातो. माण-खटाव, जत-आटपाडीकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात घामावाटे जाणारं पाणी यात धरलेलं नाही.

तिसरं कारण सकाळच्या न्याहारीचं. पोटात अन्न गेलं की मोठं आतडं आकुंचन पावतं. ही प्रतिक्रिया सकाळी जोरदार असते आणि जेवणात थोडं तेल-तूप असेल तर आणखी. सोळा तासांचा उपास करणारे न्याहारीही टाळतात आणि तेलही शून्यावर आणतात, मग सकाळची कळ येणार कशी? त्यात पहाटे साडेपाचला अजिंक्यतारा चढायला किंवा आमराईत फिरायला निघालेल्यांना कळ आलीच तर ती वाटेत येते आणि दाबली जाते. चालणं आतड्यासाठी चांगलंच. फक्त परत आल्यावर दहा मिनिटं मोकळी ठेवा, लगेच एसटी गाठायला पळू नका. दाबलेली कळ परत कधी येईल याचा भरवसा नसतो, आणि सतत दाबत राहिलं तर ती मंदावते.

आता उपाय. नुसतं कमी होत असेल तर काहीच करायचं नाही, आणि हेच लोकांना सगळ्यात अवघड जातं. दोन दिवस झालं नाही म्हणजे अंगात ‘विष’ साठतं हा समज सोडून द्या. काट्यावर अर्धा किलो वाढलेला दिसला तरी ती चरबी नव्हे. चूर्ण घेऊन तो काटा खाली आणता येतो, पण जातं ते पाणी आणि मल. अन्नातल्या कॅलरी त्याआधीच लहान आतड्यात शोषल्या गेलेल्या असतात.

कडक होत असेल तर आधी भाकरी परत आणा. एका भाकरीच्या 170 च्या आसपास कॅलरी होतात. चार कप चहातली प्रत्येकी दोन चमचे साखर काढली की जवळपास तेवढ्याच वाचतात, संध्याकाळच्या भडंग-फरसाणाचा हिशेब वेगळा. त्यामुळे दिवसाला किमान दोन भाकरी ठेवा आणि कात्री तिकडे लावा. चपाती खात असाल तर कणीक चाळू नका. दुपारी एक वाटी मटकीची किंवा मसुराची उसळ घ्या, त्यातून 6 ते 8 ग्रॅम मिळतं. कोरेगावकडचा घेवडाही चालेल, मात्र रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, नीट शिजवलेला. जवसाची चटणी एक मोठा चमचा म्हणजे अडीच-तीन ग्रॅम. मध्यम पेरूतून पाच ग्रॅमच्या वर. तासगावचे बेदाणे भिजवून खायचा रिवाज आहे. दहा-बारा खायला हरकत नाही, पण त्यातलं फायबर एक ग्रॅमच्याही आत भरतं आणि मूठभर खाल्ले तर साखरच जाते.

हे सगळं एका दिवसात वाढवू नका. तीन-चार दिवसांनी 5 ग्रॅम या गतीने वाढवा, नाहीतर गॅस होऊन पोट डमरू होतं आणि माणूस उसळीलाच दोष देतो. फायबरबरोबर पाणीही वाढायला हवं: दिवसाला दोन-अडीच लिटर, उन्हात काम असेल तर त्याहून जास्त. पाण्यावाचून वाढवलेलं फायबर बद्धकोष्ठ वाढवतं. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून घ्यायला सांगितलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे प्रमाण लावू नये. भाजीत दिवसाला दोन-तीन चमचे तेल असू द्या. कमोड असेल तर पायाखाली वीतभर उंचीचा पाट घ्या, गुडघे कमरेच्या वर येतात आणि गुदमार्ग सरळ होतो. दहा मिनिटांत झालं नाही तर उठा. मोबाइल घेऊन अर्धा तास बसण्यातून मूळव्याध मिळते.

एवढं करून आठवडाभरात फरक पडला नाही तर मेडिकलमधलं औषध, आणि इथे दुसरी गल्लत होते. इसबगोल आणि ‘पोट साफ’ची चूर्णं एकाच फळीवर असतात, काम मात्र वेगळं करतात. इसबगोल म्हणजे फायबर. ते पाणी धरून मल मऊ आणि मोठा करतं, परिणाम दिसायला बारा तास ते तीन दिवस लागतात. एक लहान चमचा 250 मिलीच्या पेल्यात ढवळून लगेच प्यायचं आणि वर आणखी एक पेला पाणी. घोटभर पाण्यात घेतलं तर ते घशात किंवा आतड्यात फुगून अडकू शकतं, म्हणून अगदी आडवं होताना घेऊ नये, आणि गिळायला त्रास असणाऱ्यांनी घेऊच नये. इतर गोळ्यांपासून दोन तासांचं अंतर ठेवा.

चूर्णांपैकी बऱ्याचशांत सोनामुखी असते. डब्यावरचे घटक वाचा. सोनामुखी आतड्याला चाबूक मारल्यासारखं आकुंचन पावायला लावते. रात्री घेतली की सहा ते बारा तासांत, म्हणजे सकाळी, पोटात मुरडा येऊन साफ होतं. एखाद्या अडलेल्या दिवशी ठीक आहे. पण सगळं आतडं रिकामं झाल्यावर पुढचे एक-दोन दिवस काही होणार नाही हे उघड आहे. ते न कळल्यामुळे माणूस परत चूर्ण घेतो, आणि डाएट संपलं तरी चूर्ण चालू राहतं. रोजच्या वापराने पोटॅशियम कमी होऊ शकतं. लघवी वाढवणारी किंवा हृदयासाठीची डिगॉक्सिनची गोळी चालू असेल तर ते जास्तच धोक्याचं. आठवड्यावर गरज लागली तर डॉक्टरांकडे जा. गुदाशी कडक खडा अडलेला असेल तेव्हा तर इसबगोलही नको, ते मागून भर घालतं. तिथे ग्लिसरीनची कांडी उपयोगी पडते, साधारण 15 ते 60 मिनिटांत.

कधी कधी दोष डाएटचा नसतोच. डाएटबरोबर सुरू केलेल्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, रक्तदाबाची काही औषधं, आणि अलीकडे वजनासाठी दिली जाणारी सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनं, या सगळ्यांनी कोठा जड होतो. वजन वाढणं आणि बद्धकोष्ठ दोन्ही जुनंच असेल, थंडी सहन होत नसेल, केस गळत असतील, तर आधी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करून घ्या. थायरॉइड मंद असेल तर नुसत्या उसळीने भागत नाही.

मलातून रक्त, डांबरासारखा काळा मल (लोहाच्या गोळीनेही रंग काळसर होतो, तेवढं लक्षात ठेवा), पन्नाशीनंतर अचानक बदललेली सवय, किंवा डाएट न करताच उतरणारं वजन यांपैकी काही असेल तर घरगुती उपाय थांबवून डॉक्टरांना दाखवा. पोट फुगून उलट्या होत असतील आणि वाराही सरत नसेल तर वाट न बघता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. आणि बरेच दिवस कडक होत असताना मध्येच पाण्यासारखं पातळ गळायला लागलं, तर जुलाब समजून ते बंद करायची गोळी घेऊ नका. वयस्कर माणसांत विशेषतः, अडलेल्या खड्याच्या बाजूने पाणी झिरपत असतं आणि त्या गोळीने अडथळा आणखी घट्ट होतो.