टेप डेकवरचं बायसचं बटण

मागच्या महिन्यात माझा भाचा पुण्याच्या जुन्या बाजारातून तीन हेडचा कॅसेट डेक घेऊन आला. बेल्ट सैल झाला होता, तो बदलला. हेड स्पिरिटने पुसली आणि डेक सुरू झाला. मग त्याने समोरच्या एका छोट्या बटणावर बोट ठेवलं. "मामा, हे बायस म्हणजे काय? विकणारा म्हणाला, याने बास वाढतो."

बायसचा बासशी असा काही संबंध नाही. पण त्या बटणामागे जी युक्ती आहे, तिच्याइतकी देखणी युक्ती मला घरगुती यंत्रांमध्ये दुसरी दिसलेली नाही.

कॅसेटची तपकिरी फीत म्हणजे प्लास्टिकच्या पट्टीवर चिकटवलेली लोहाच्या ऑक्साइडची पूड. तिचा एकेक कण मायक्रॉनपेक्षाही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही लहान, सुईसारखा लांबट आणि स्वतःच एक चुंबक असतो. रेकॉर्डिंग हेड म्हणजे मधे बारीक फट ठेवलेला विद्युतचुंबक. आवाजाप्रमाणे प्रवाह कमी-जास्त होतो, फटीतलं चुंबकीय क्षेत्रही तसंच कमी-जास्त होतं आणि समोरून सरकणाऱ्या फितीवर त्याची नोंद राहते. शाळेच्या पुस्तकात गोष्ट इथे संपते. प्रत्यक्षात एवढ्यावर भागवलं, तर फितीवरून फाटका, चिरका आवाज येतो.

कारण हे कण हट्टी असतात. क्षेत्र ठरावीक मर्यादेच्या पुढे गेल्याशिवाय कण आपली दिशा बदलतच नाही. त्यामुळे हळू आवाजाची जवळपास नोंदच होत नाही, मोठ्या आवाजाची एकदम होते, आणि फार मोठा झाला की वाढायची थांबते. क्षेत्र आणि फितीवर उरलेलं चुंबकत्व यांचा आलेख सरळ रेषा न येता मधे चपटा येतो. आवाजाची प्रत्येक लाट शून्यातून जाते, म्हणजे प्रत्येक लाट या चपट्या भागात अडखळते.

डॅनिश संशोधक वाल्डेमार पौल्सेन याने १८९८ मध्ये पोलादी तारेवर आवाज टिपला, तेव्हापासून ही अडचण होती. १९२८ मध्ये फ्रिट्झ फ्लॉयमर याने कागदी पट्टीवर लोखंडाची पूड चिकटवली, १९३५ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात एईजी कंपनीचा मॅग्नेटोफोन हा टेपरेकॉर्डर आला, तरी ती सुटली नव्हती. हेडमधून एक स्थिर प्रवाह सोडून आलेखाचा त्यातल्या त्यात सरळ भाग वापरायचा, एवढाच तोडगा होता. पण त्याने खरखर फार यायची. १९४० मध्ये जर्मन रेडिओतल्या वाल्टर वेबर याच्या प्रयोगात अॅम्प्लिफायर बिघडून आपोआप अतिउच्च वारंवारतेचे झोके घेऊ लागला आणि ते रेकॉर्डिंग अचानक स्वच्छ आलं. अमेरिकेत कार्लसन आणि कार्पेंटर यांनी याच कल्पनेचं पेटंट १९२७ मध्येच मिळवलं होतं, पण ती वापरात आली वेबरनंतर.

झालं काय होतं, हे समजायला तांदळाचं ताट घ्या. ते एका बाजूला किंचित कलतं करा. दाणे हलत नाहीत, घर्षण त्यांना धरून ठेवतं. कल वाढवत नेला, की एका क्षणी सगळा ढीग घसरतो. आता ताट पुन्हा किंचितच कलतं धरा आणि खालून बोटांनी भराभर टिचक्या मारा. दाणे जागच्या जागी उडतात आणि कलाच्या दिशेने सरकू लागतात. कल थोडा तर थोडे, जास्त तर जास्त. टिचक्यांना स्वतःची दिशा नसते, त्या फक्त दाण्यांची पकड सोडवतात.

बायस म्हणजे या टिचक्या. गाण्याच्या प्रवाहात साधारण एक लाख हर्ट्झचा, गाण्यापेक्षा कितीतरी जोरकस प्रवाह मिसळतात. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर सरकते. हेडची फट चार मायक्रॉनची धरली, तर एक कण ती ओलांडेपर्यंत बायसची दिशा आठेक वेळा उलटसुलट होते. एक हजार हर्ट्झच्या सुराची फितीवरची लाट मात्र सुमारे ४८ मायक्रॉन लांब असते, म्हणून तेवढ्या वेळात गाण्याचं क्षेत्र जवळजवळ स्थिर राहतं. फटीपासून दूर जाताना बायसचा जोर ओसरत जातो. तो ज्या क्षणी कणाच्या हट्टापेक्षा कमी पडतो, त्या क्षणी कण थिजतो. आणि कुठल्या दिशेला थिजायचं, तिकडे पारडं गाण्याने झुकवलेलं असतं. अशा कोट्यवधी कणांची बेरीज गाण्याच्या प्रमाणात येते. वाकडा आलेख सरळ होतो, आणि ज्याने तो सरळ केला त्या बायसचा फितीवर जवळपास मागमूस राहत नाही.

गाणं काढून टाकून नुसत्या टिचक्याच जोराने मारल्या, तर निम्मे कण इकडे, निम्मे तिकडे आणि फीत कोरी. पुसायचं हेड हेच करतं, बहुतेक डेकमध्ये त्याच प्रवाहावर.

बायस किती द्यायचा, हे फितीवर ठरतं. कमी पडला तर आवाज चिरका आणि फाटका येतो. जास्त झाला तर झांजांसारखे बारीक, वरचे सूर पुसट होतात. क्रोमच्या, म्हणजे क्रोमियम ऑक्साइडची पूड असलेल्या कॅसेटला साध्या कॅसेटपेक्षा जास्त बायस लागतो. तिच्या पाठीवरच्या जादा खाचा डेकला तेच सांगत असतात.

टेपच्या नव्या चाहत्यांत एक समज फार पसरलाय, की डिजिटलमध्ये आवाजाचे तुकडे पडतात आणि टेपवर तो अखंड असतो. सीडीवर सेकंदाला ४४,१०० नोंदी असतात, पण बाहेर येणारी लाट गुळगुळीतच असते, तिला पायऱ्या नसतात. उलट टेपची ती सूऽऽ असते, ती फितीवरच्या कणांची संख्या मर्यादित असल्यामुळेच. मला टेप मनापासून आवडते. तिच्यासाठी खोटं बोलायची गरज नाही.

दुसरा प्रकार भुताखेतांचा. स्वीडनमध्ये फ्रीडरिश युर्गेनसन या चित्रकाराने १९५९ मध्ये पक्ष्यांचे आवाज टेप केले आणि त्यात त्याला माणसांचे बोल ऐकू आले. तेव्हापासून टेपवर मृतांचे आवाज शोधणारे लोक आहेत. माझ्या आजीच्या ओव्यांची एक नव्वद मिनिटांची कॅसेट आहे. तिच्यात पहिली ओवी सुरू व्हायच्या दोनेक सेकंद आधी तीच ओवी अगदी क्षीण ऐकू येते. पहिल्यांदा माझ्याही अंगावर काटा आला होता. फीत गुंडाळलेली राहिली, की एका वेढ्याचं चुंबकत्व शेजारच्या वेढ्यावर थोडं उमटतं. कॅसेटच्या रिळाचा एक वेढा सात ते पंधरा सेंटीमीटरचा, म्हणजे दीड ते तीन सेकंदांचा. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची फीत साठवालीपेक्षा पातळ, म्हणून तिच्यात हे जास्त होतं.

भाच्याला मी बटण लावायची जुनी रीत दाखवली. एफएम रेडिओ दोन स्टेशनांच्या मधे ठेवला, की सगळ्या सुरांचा मिळून एक सूऽऽ आवाज येतो. तो हळू आवाजात टेप करायचा. तीन हेडच्या डेकवर पुसायचं, टिपायचं आणि वाजवायचं हेड वेगवेगळं असतं, म्हणून टेप करतानाच मूळ आवाज आणि फितीवर उतरलेला आवाज बटण टाकून आलटूनपालटून ऐकता येतो. फितीवरचा आवाज जास्त तीक्ष्ण वाटला तर बायस वाढवायचा, मंद वाटला तर कमी करायचा. भाचा डोळे मिटून बटण केसभर इकडे-तिकडे फिरवत बसला. वीसेक मिनिटांनी म्हणाला, "आता कुठला कुठला ते कळत नाहीये." मग आम्ही कोरी कॅसेट घातली.