शेंगदाण्यांची पावती

‘शंभर शेंगदाणे मिळाले.’ 1973 साली जपानमध्ये लिहिलेल्या एका पावतीवर एवढाच मजकूर होता आणि खाली सही. सही करणारा माणूस मारुबेनी या बड्या व्यापारी कंपनीतला अधिकारी होता. एक शेंगदाणा म्हणजे दहा लाख येन. असे एकूण पाचशे शेंगदाणे, म्हणजे 50 कोटी येन, पंतप्रधान काकुएई तानाका यांच्यापर्यंत पोहोचले. पैसे होते लॉकहीड या अमेरिकी विमान कंपनीचे. जपानच्या ऑल निप्पॉन एअरवेजने तिची ट्रायस्टार विमानं घ्यावीत, हा त्यामागचा हेतू.

परदेशी सरकारी अधिकाऱ्याला लाच देणाऱ्या कंपनीला तिच्या मायदेशात शिक्षा करणारा पहिला कायदा अमेरिकेत 1977 साली झाला. त्याला ‘एफसीपीए’ म्हणतात. त्याची गोष्ट बहुतेकदा नीतिमत्तेच्या अंगाने सांगितली जाते, पण सुरुवात झाली जमाखर्चापासून. वॉटरगेट या राजकीय हेरगिरी प्रकरणाच्या चौकशीत काही कंपन्यांनी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या प्रचाराला बेकायदा पैसे दिल्याचं बाहेर आलं. अमेरिकेतल्या शेअर बाजार नियामकाचे, म्हणजे एसईसीचे, एक अधिकारी स्टॅन्ली स्पॉर्किन यांना प्रश्न पडला तो अस्सल हिशेबनिसाचा: हे पैसे वहीत कुठल्या खात्यावर टाकले असतील? मग वह्या उघडायला लावल्या. चारशेहून जास्त कंपन्यांनी कबुली दिली आणि संशयास्पद रकमांची बेरीज 30 कोटी डॉलरच्या वर गेली.

त्यात केळ्यांचा व्यापार करणारी युनायटेड ब्रँड्सही होती. केळ्यांवरचा निर्यातकर कमी व्हावा म्हणून तिने होंडुरासमध्ये साडेबारा लाख डॉलर दिले होते. हे उघड होण्याआधीच, फेब्रुवारी 1975 मध्ये, कंपनीचे प्रमुख एली ब्लॅक यांनी न्यूयॉर्कच्या पॅन अ‍ॅम इमारतीच्या 44व्या मजल्यावरून उडी टाकली. पुढच्या वर्षी सिनेटर फ्रँक चर्च यांच्या उपसमितीपुढे लॉकहीडचे बडे अधिकारी कार्ल कॉचियन यांनी जपानमध्ये सव्वा कोटी डॉलरच्या आसपास पैसे वाटल्याचं सांगितलं. असे पैसे देणं तेव्हा अमेरिकी कायद्याने गुन्हाच नव्हता. तानाका मात्र जुलै 1976 मध्ये गजाआड गेले.

डिसेंबर 1977 मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या या कायद्याला दोन पाय आहेत. पहिला, लाच देऊ नका. दुसरा, हिशेब खरा लिहा आणि त्यावर नियंत्रण ठेवा. माझ्या मते खरा जोर या दुसऱ्या पायात आहे. पाकीट देताना कुणी साक्षीदार ठेवत नाही, पण पाकिटातला पैसा कुठून तरी निघालेला असतो आणि त्याला काहीतरी नाव द्यावंच लागतं. आपल्याकडे ‘चहापाणी’ म्हणतात, तसंच. सरकारी काम जरा लवकर व्हावं म्हणून दिलेल्या चिरीमिरीला या कायद्याने सूट ठेवली आहे, हे वाचून आपल्याकडच्या माणसाला हसू आल्याशिवाय राहत नाही.

पहिली पंचवीसेक वर्षं कायदा बराचसा झोपूनच होता. इजिप्तला विमानं विकताना तिथल्या एका लोकप्रतिनिधीला दहा लाख डॉलर दिल्याच्या प्रकरणात 1995 साली कंपनीने गुन्हा कबूल करून 2 कोटी 48 लाख डॉलर भरले. कंपनी कोणती? लॉकहीडच. पण अमेरिकी उद्योगांची तक्रार वेगळीच होती: आमचेच हात बांधलेत, युरोपवाले मोकळे सुटलेत. ती खोटी नव्हती. जर्मनीत परदेशी लाच ‘उपयुक्त खर्च’ म्हणून दाखवून करातून वजावट मिळायची. अमेरिकेने लकडा लावल्यावर श्रीमंत देशांच्या ओईसीडी संघटनेत डिसेंबर 1997 मध्ये परदेशी लाच गुन्हा ठरवण्याचा करार झाला आणि फेब्रुवारी 1999 पासून तो लागू झाला.

त्याचा मोठा दणका सीमेन्स या जर्मन कंपनीला बसला. नोव्हेंबर 2006 मध्ये म्युनिकला छापे पडले. कंपनीत चक्क रोकड देणाऱ्या खिडक्या होत्या. कर्मचारी सुटकेस घेऊन जायचे आणि भरून आणायचे. मंजुरीच्या सह्या चिकटचिठ्ठीवर, म्हणजे वेळ आली की सोलून काढता याव्यात. 2008 मध्ये अमेरिका आणि जर्मनी मिळून सीमेन्सला सुमारे 160 कोटी डॉलर भरावे लागले. अमेरिकेत मूळ कंपनीने कबूल केलेला गुन्हा मात्र लाचेचा नव्हता, खोट्या हिशेबाचा होता. पुढे तिच्यावर देखरेखीला नेमले गेले थिओ वायगेल. लाचेवर करसवलत मिळत होती त्या काळात जर्मनीचे अर्थमंत्री हेच होते.

आता आपल्या अंगणात येऊ. या कायद्यातला ‘परदेशी अधिकारी’ म्हणजे कधीकधी आपल्याच बांधकाम खात्यातले साहेब असतात. जुलै 2015 मध्ये न्यू जर्सीच्या लुई बर्जर या अभियांत्रिकी सल्लागार कंपनीने भारत, इंडोनेशिया, व्हिएतनाम आणि कुवेतमध्ये 39 लाख डॉलर लाच दिल्याचं मान्य करून 1 कोटी 71 लाख डॉलर दंड भरला. त्यातले पावणेदहा लाख डॉलर गोव्यातल्या पाणीपुरवठा आणि मलनिःसारण प्रकल्पाचे, जो जपानी कर्जावर उभा होता. वहीत ही रक्कम ‘कमिटमेंट फी’, ‘मार्केटिंग फी’ अशा नावांनी नांदत होती. कबुली न्यू जर्सीत झाली आणि धावपळ पणजीत: महिन्याभरात गोवा पोलिसांच्या क्राइम ब्रँचने राज्याच्या एका माजी मंत्र्याला अटक केली.

कॉग्निझंट या अमेरिकी आयटी कंपनीचं प्रकरण त्याच जातीचं. चेन्नईच्या कॅम्पसच्या परवानगीसाठी 20 लाख डॉलर ठेकेदाराकरवी दिले आणि त्याची भरपाई जादा कामाच्या बिलांतून केली, असा एसईसीचा आरोप होता. पुण्यातल्या प्रकल्पाचाही त्यात उल्लेख होता. कंपनीने 2019 मध्ये आरोप मान्य वा अमान्य न करता अडीच कोटी डॉलर भरले. भारतीय कंपनीने परदेशात लाच दिली, तर तिला इथे पकडणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. 2011 मध्ये विधेयक लोकसभेत आलं आणि लोकसभेबरोबरच बुडालं.

फेब्रुवारी 2025 मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी एफसीपीएच्या अंमलबजावणीला 180 दिवसांची स्थगिती दिली. या कायद्यामुळे अमेरिकी कंपन्या मागे पडतात, हा नव्वदच्या दशकातलाच युक्तिवाद. एप्रिलमध्ये कॉग्निझंटच्या दोन माजी अधिकाऱ्यांवरचा न्यू जर्सीतला खटला मागे घेतला गेला आणि जूनमध्ये कमी प्रकरणं, पण निवडक, असा रोख असलेली नवी मार्गदर्शक तत्त्वं आली. कायदा मात्र जागेवर आहे. अध्यक्षाची कारकीर्द चार वर्षांची. लाचेबद्दल फौजदारी खटला भरायची मुदत पाच वर्षांची आणि खोट्या हिशेबाबद्दल सहा.