गेरिट की पुल रिक्वेस्ट? जुन्या वादाची पार्श्वभूमी

नवी मुंबईच्या ऐरोली-महापे पट्ट्यात कोडवर पोट असलेल्यांना पुल रिक्वेस्ट, म्हणजे ‘माझे बदल मूळ कोडमध्ये घ्या’ ही विनंती, शिकवावी लागत नाही. अडतं ते विकिपीडियामागच्या मीडियाविकी या सॉफ्टवेअरला हात लावायला गेल्यावर. तिथे गेरिट आहे, कोड आत घेण्याआधी तपासायचं वेगळं साधन.

कोडची बैठकीत ओळ न् ओळ तपासणी करण्याची पद्धत १९७६ मध्येच कागदावर आली. पुढे ईमेलवरून पॅच, म्हणजे कोडमधला बदल, पाठवणं रूढ झालं. लिनक्स कर्नलचं आजही तसंच चालतं. मीडियाविकीत मात्र कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या सबव्हर्जनच्या काळात उलटा कारभार होता: कोड आधी आत, तपासणी मागाहून. न तपासलेल्या बदलांचा ढीग साचायचा. २०१२ मध्ये सबव्हर्जनच्या जागी गिट आणि सोबत गेरिट आलं ते या ढिगावर उपाय म्हणून. तपासल्याशिवाय आत काही नाही.

गेरिटमध्ये एक बदल म्हणजे एकच कमिट, बदलाची एक नोंद. कमिटच्या संदेशात खाली ‘चेंज-आयडी’ची ओळ लागते, ती नसेल तर पुश, म्हणजे पाठवलेला कोड, परत येतो. तपासणाऱ्याने उणे एक, म्हणजे नापसंतीचा शेरा, दिला, की नवा कमिट जोडायचा नाही, जुनाच ‘अमेंड’ (दुरुस्त) करून पुन्हा पाठवायचा. आयडी तीच राहते, म्हणून नवी आवृत्ती जुन्या चर्चेखालीच लागते. पुल रिक्वेस्टची सवय असलेला हमखास इथे फसतो आणि एकाच कामाचे दोन वेगळे बदल उघडून बसतो.

नवख्यांना हे परकं वाटतं, हे कारण पुढे करत २०२० मध्ये पुल रिक्वेस्टच्या पद्धतीने चालणाऱ्या गिटलॅबकडे जायचं ठरलं. कारण खोटं नव्हतं. पण एकावर एक अवलंबून असलेले बदल वेगवेगळे तपासण्याची गेरिटची सोय पुल रिक्वेस्टच्या पद्धतीत नीट सापडत नाही, आणि रोज तपासणी करणाऱ्यांचा जीव तिच्यातच अडकलेला. नवख्याची अडचण फार तर आठवडाभराची, तपासणाऱ्यांची कायमची. ठरवताना या दुसऱ्या बाजूचं वजन कमी धरलं गेलं, असं वाटतं. बरीच छोटी कामं गिटलॅबवर गेली. मीडियाविकीचा गाभा गेरिटवरच राहिला.

फॅब्रिकेटर या कोड तपासायच्या आणखी एका साधनाची देखभाल २०२१ मध्ये थांबली आणि २०२३ मध्ये एलएलव्हीएम हे कंपायलरचं सॉफ्टवेअर त्यावरून पुल रिक्वेस्टकडे वळलं, तेव्हाही साखळीतल्या पॅचचं काय, हाच प्रश्न निघाला. अँड्रॉइड, क्रोम ब्राउझरमागचं क्रोमियम आणि गो ही प्रोग्रॅमिंग भाषा गेरिटवरच आहेत.

मीडियाविकीतल्या मराठी संदेशांचं भाषांतर ट्रान्सलेटविकी या संकेतस्थळावर होतं. तेवढंच करायचं असेल तर यातलं काहीच लागत नाही.